खोटी पेशंट

बझर वाजला तेव्हा मी रडत होते. रडणं माझ्या कामातलंच. मला दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की बायोप्सीचा रिपोर्ट वाईट आलाय हे कळल्यावर पेशंट आधी गप्प होते, मग "पण मला तर काहीच त्रास होत नाही" म्हणते, आणि मग रडते. समोरच्या मुलाने सगळं नीट केलं होतं. खुर्ची जवळ ओढली, सोबत कोणी आलंय का विचारलं, "बातमी चांगली नाही" असं आधी सांगून थोडा थांबला आणि मगच रोगाचं नाव घेतलं. मी रडायला लागले, तो काहीतरी बोलणार, ओठ उघडलेले, तेवढ्यात बझर. नियम असा की बझर झाला की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, उठायचं आणि परीक्षेच्या पुढच्या स्टेशनला, म्हणजे पुढच्या खोलीतल्या केसकडे, जायचं. तो उठला. दारापाशी पोचला आणि कडीवर हात ठेवून वळून बघत राहिला. कोपऱ्यात बसलेल्या परीक्षक मॅडमनी पेनानेच 'चल पुढे' अशी खूण केली. "येतो, काकू," म्हणाला आणि गेला. तोवर तो मला कागदावरच्या नावाने, पुढे ताई लावून हाक मारत होता. मी नाक पुसलं, पाण्याचा घोट घेतला. पुढची मुलगी आत आली तेव्हा मला कसलाच पत्ता नव्हता; रिपोर्ट काय आलाय ते विचारायला आलेली बाई होते मी.

त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं, आणि मला टोचत राहिलं ते हेच. रडणाऱ्या बाईला अर्ध्यावर टाकून उठणं त्या दिवशी बरोबर होतं. बसून राहिला असता तर पुढच्या स्टेशनचा त्याचा वेळ गेला असता, शिवाय बाहेर पुढची मुलगी खोळंबली असती. परीक्षेची शिस्त मला मान्य आहे. सगळ्यांना तीच केस, तितकाच वेळ, तोच रिपोर्ट, यात न्याय आहे. तरी घरी येताना वाटत राहिलं की डोक्याला आपण पुष्कळ शिकवतो, पण पायांना काय सवय लावतोय? आज बझर वाजला म्हणून उठला. उद्या वॉर्डात फोन वाजेल, वरिष्ठ हाक मारतील, शेजारच्या खाटेवरून सलाइन संपल्याची ओरड होईल. दारात वळून बघणं किती वर्षं टिकेल? मग माझं मलाच हसू आलं. रडणं खोटं होतं, आणि मी त्या खोट्या बाईच्या बाजूने तणतणत होते.

हे काम काय असतं ते बहुतेकांना समजावून सांगावं लागतं. सिम्युलेटेड पेशंट असं भारदस्त नाव आहे. मुलं एसपी म्हणतात. एक केस पाठ करायची. कुठे दुखतं, कधीपासून, खाल्ल्यावर वाढतं की रिकाम्या पोटी, आईला कुठला आजार होता, दारू किती. पण यातलं काहीही आपणहून सांगायचं नाही, नीट विचारलं तरच. परीक्षा नसते, नुसता सराव असतो, तेव्हा शेवटी मी भूमिकेतून बाहेर येते आणि समोरच्याला सांगते की तू अमुक म्हणालास तेव्हा मला असं वाटलं. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि मुलांना सगळ्यात नकोसा असतो. नाटकात काम केलेलं असलं की सोपं जाईल असं वाटून मी यात आले. खरं तर उलट आहे. नाटकात प्रेक्षकांपर्यंत पोचवायचं असतं; इथे लपवायचं असतं, आणि समोरचा शोधतो की नाही ते बघायचं असतं.

या कामाचा जन्म १९६३ सालचा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला तयार केलं आणि तिला मल्टिपल स्क्लेरोसिसने पाय लुळे पडलेली पेशंट बनवलं. मेडिकल कॉलेजात हॉलिवुड घुसलं म्हणून वर्तमानपत्रांनी टर उडवली. मला मात्र जास्त आवडते ती त्यामागची गोष्ट. बॅरोज स्वतः उमेदवारी करत होते तेव्हा मज्जारज्जूच्या आजाराचा एक पेशंट डॉक्टरांच्या परीक्षांसाठी वापरला जायचा. एक परीक्षार्थी त्याच्याशी फार उर्मटपणे वागला, अंगाची ओढाताण केली. पेशंटने काय करावं? आपल्या आजाराच्या खुणाच बदलल्या. तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जायचा, तो याने दुसऱ्याच पायाचा वर नेला. बधिरपणा भलत्याच जागी दाखवला. आणि नंतर बॅरोजना हे सांगितलं. दिवसभर कोणकोण टोचून, ओढून, वाकवून जातं आणि आपण पडून राहायचं, त्यात या माणसाने एक बारीकसा सूड शोधला. माझ्या धंद्याचा मूळपुरुष मी त्यालाच मानते.

स्टेशनं, चेकलिस्ट आणि बझर आले ते त्यानंतर. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली. सगळे तिला ऑस्की म्हणतात. त्याआधीची परीक्षा म्हणजे बरीचशी नशिबाची गोष्ट होती. एका मुलाच्या वाट्याला हृदयातला जादा आवाज, मर्मर, स्वच्छ ऐकू येणारा, बोलका, समजूतदार पेशंट यायचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला झोपेच्या गोळीने गुंगलेले, धड उत्तर न देणारे आजोबा. त्यात परीक्षकाचा मूड. जुने डॉक्टर त्या व्हायवाच्या आठवणी रंगवून सांगतात, कोणत्या सरांनी कोणाला कसं सोललं आणि तरी आम्ही घडलो. मला ते ऐकताना नेहमी वाटतं की घडलेलेच तेवढे सांगायला उरतात. तेव्हा ऑस्कीला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला, तो शिकवणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो: तळाशी माहीत असणं, वर कसं करायचं ते माहीत असणं, त्याच्या वर करून दाखवणं, आणि टोकाला प्रत्यक्ष करणं. माझी खोली तिसऱ्या पायरीवर आहे. करून दाखवण्याची. चौथी पायरी कोणी बघत नसताना चढायची असते, आणि तिथे मी नसते.

तिथे मी एकदा होते, पण खाटेवर.

बऱ्याच वर्षांपूर्वी ताप उतरेना म्हणून मला एका शिकवणाऱ्या रुग्णालयात ठेवलं होतं. प्लीहा वाढली होती. तिथे सगळे स्प्लीन म्हणत. सकाळच्या राउंडला सर आले, पोटावर हात ठेवला आणि चेहरा खुलला. मागे वळून म्हणाले, "सगळ्यांनी बघून घ्या, इतकी छान पुन्हा मिळायची नाही." मग रांग लागली. हात उजवीकडे खाली बेंबीच्या बाजूला ठेवायचा आणि तिरपा वर डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायचा, आणि दर सरकण्याला पेशंटने खोल श्वास घ्यायचा. मी श्वास घेत राहिले. थंड बोटं, घामेजलेली बोटं, एक अंगठी रुतत होती. कोणीतरी "लागली, लागली" म्हणालं, त्यात खराखुरा आनंद होता. एका मुलीला काही केल्या लागेना, आणि मला चक्क तिची काळजी वाटायला लागली. मी तिच्यासाठी जरा जास्तच खोल श्वास घेतला. माझा कमरेपर्यंत उचललेला गाऊन खाली करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. पडदा अर्धाच ओढलेला होता. सर फार हुशार होते, त्यांनी मला बरं केलं, आणि त्या दिवशी शिकलेल्या मुलांनी पुढे किती जणांच्या स्प्लीन वेळेत ओळखल्या असतील ते सांगता येणार नाही. हे सगळं खरं आहे. मला कोणी विचारलं नाही, हेही खरं आहे.

आता सरावाच्या खोलीत चेकलिस्ट असते. स्वतःची ओळख करून दिली का. तपासण्याची परवानगी घेतली का. हात चोळून गरम केले का. पडदा ओढला का. झाल्यावर अंग झाकलं का. दर वेळी मुलं येतात आणि अंग चोरून विचारतात, "मी तुमचं पोट तपासू का?" माझ्या पोटाला काहीही झालेलं नसतं.

खोटी पेशंट म्हणून मला जितकं विचारलं जातं, त्याच्या निम्मंही खरी असताना कोणी विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे त्या सकाळी माझ्या खाटेभोवती जमलेली गर्दी हीसुद्धा एका काळची सुधारणाच. व्याख्यानं ऐकून, पेशंटला हातही न लावता डॉक्टर होता येण्याचा काळ होऊन गेलाय. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पालथ्या घालून १९१० मध्ये अहवाल दिला, त्यात अशा दुकानांची लक्तरंच टांगली आहेत: नावापुरती प्रयोगशाळा, रुग्णालयाशी संबंध नाही. त्याआधीच बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लर मुलांना वर्गातून उठवून वॉर्डात घेऊन गेले होते, आणि आपण मुलांना वॉर्डात शिकवलं एवढंच आपल्या थडग्यावर लिहिलं तरी पुरे असं म्हणून गेले. म्हणजे ज्या राउंडने मला ओशाळवाणं केलं तो कोणे एके काळी नव्या विचारांच्या लोकांनी भांडून आणलेला होता. आणि फ्लेक्सनरच्या सुधारणेचंही सगळं काही धुतल्या तांदळासारखं नाही. निकष कडक झाले, भिकार शाळा बंद पडल्या, त्याबरोबर कृष्णवर्णीयांना डॉक्टर करणाऱ्या 7 शाळांपैकी 5 बंद झाल्या. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी कृष्णवर्णीय पेशंटांची सेवा करावी, तीही मुख्यतः आरोग्याच्या नियमांपुरती, असा त्या अहवालाचा सूर होता. त्याची भरपाई अजून व्हायची आहे.

म्हणून आधुनिक शिक्षणाची नवी यंत्रं दाखवायला कोणी नेलं की मी आधी विचारते, हे कोणाच्या अंगावर शिकले? प्रश्न खवचट वाटतो, पण शरीरशास्त्राचा सगळा इतिहास त्यातच आहे. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी माणसं मारून प्रेतं विच्छेदनासाठी विकली, सोळा खून. त्या बोभाट्यानंतर १८३२ मध्ये ब्रिटनने कायदा केला तो असा की प्रेतं चोरायची गरजच पडू नये: निराधारांच्या आश्रयगृहांत, दवाखान्यांत मेलेल्या ज्या गरिबांना न्यायला कोणी येत नाही, ती शरीरं शिकणाऱ्यांना मिळावीत. टेबलावर तोवर कायद्याने खुन्यांची प्रेतं असायची, आता गरिबांची आली. पुढे काच, स्क्रीन, थ्रीडी आलं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने एका पुरुषाच्या संपूर्ण शरीराचे एकेक मिलिमीटरचे काप करून त्यांची चित्रं सगळ्यांना खुली केली, आणि पुष्कळशी डिजिटल शरीरं त्यावरून उभी राहिली. तो पुरुष टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेला कैदी होता. देहदानाला त्याने संमती दिली होती. मृत्यूची तारीख दुसऱ्याने ठरवलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न टचस्क्रीनवर कुठे येत नाही. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला शिकवणारी ती बाहुली, नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्याची १९६० ची, तिचा चेहराही सेन नदीत सापडलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. जगभर लोकांनी तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिलाय. तिचं नाव कोणालाच माहीत नाही.

बाहुल्यांविरुद्ध माझी काही तक्रार नाही, उलट. पहिली सुई, पहिली नळी, पहिला टाका रबरावर घातला जावा, यासारखी चांगली गोष्ट गेल्या शंभर वर्षांत वैद्यकीय शिक्षणात क्वचितच झाली असेल. शिकण्यातली पहिली चूक माणसाच्या अंगावर होऊ नये. पण मग मुलगा तिथून वॉर्डात जातो. १९९४ मध्ये फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी लिहिलं की वर्गात शिकवतात त्याहून वेगळा एक छुपा अभ्यासक्रम कॉरिडॉरमध्ये चालतो: वरिष्ठ कोणाला नावाने हाक मारतात, कोणाला खाटेच्या नंबराने, कशावर हसतात, कोणाचं म्हणणं मध्येच तोडतात. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातल्या मोहम्मदरझा होजात आणि सहकाऱ्यांनी मुलांची सहानुभूती वर्षानुवर्षं मोजली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलं की ती तिसऱ्या वर्षी घसरते. तिसरं वर्ष म्हणजे तिथे पेशंटच्या खाटेपाशी जायचं वर्ष. हे वाचलं तेव्हा मला ती स्प्लीन न लागणारी मुलगी आठवली. ती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचा गाऊन दिसत नाही.

सध्या चर्चा आहे ती बोलणाऱ्या यंत्रांची. २०२३ मध्ये चॅटजीपीटीने अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतले प्रश्न उत्तीर्ण होण्याच्या जवळपास सोडवून दाखवले आणि एकच गहजब झाला. मला त्यात यंत्राच्या हुशारीपेक्षा प्रश्नपत्रिकेची अब्रू गेलेली दिसली. आता स्क्रीनवरचे पेशंट आले आहेत. रात्री दोन वाजताही पोट दुखल्याचं सांगतात, दमत नाहीत, मानधन मागत नाहीत. माझं काम जाईल का, असं एका मुलीने मला फार जपून विचारलं. काही भाग जाईलच, जावा. हिस्टरी घेताना कुठला प्रश्न राहिला ते सांगायला माणूस कशाला हवा? पण तो स्क्रीनवरचा पेशंट कधी रागावत नाही. तुम्ही तुटकपणे बोललात तरी माहिती तितकीच देतो. खरा माणूस अशा वेळी गप्प होतो, अर्धंच सांगतो, किंवा अंगठा दुसऱ्या पायाचा वर नेतो. पेशंटचं बिनसूही शकतं, आणि त्याला 'नाही' म्हणता येतं. हे ज्याला कधी कळलंच नाही त्याच्या हाती मी माझं पोट देणार नाही.

'नाही' म्हणण्याचीच गोष्ट घ्या. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठात स्त्रियांच्या आतल्या तपासणीचं शिक्षण बायकांनीच हाती घेतलं. त्या टेबलावर पेशंट म्हणून असत आणि शिक्षिकाही त्याच: हात इथे नको, आता थांब, आता बघ. दुखलं तर दुखलं म्हणून तिथल्या तिथे सांगणारी बाई. रॉबर्ट क्रेचमर यांनी ते सुरू केलं, आणि आज अनेक देशांत तसं शिकवतात. पण त्याच काळात, आणि नंतरही कित्येक वर्षं, शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या बायकांची तीच तपासणी मुलांना करायला लावायची चाल काही रुग्णालयांत चालू राहिली, त्या बायकांना न विचारता. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांना याआधी लेखी संमती घ्यायला बजावलं ते २०२४ च्या एप्रिलमध्ये. एका खोलीत टेबलावरची बाई शिकवते आहे, आणि दुसऱ्या खोलीत टेबलावरच्या बाईला शुद्धच नाही. अभ्यासक्रमाची पुस्तकं दोन्हीकडे नव्या आवृत्तीची असतील.

मला आशा वाटते ती एका साध्या, जवळपास कंटाळवाण्या बदलामुळे. आज मेडिसिन, आठ आठवड्यांनी सर्जरी, मग बाळंतपणाचा वॉर्ड, अशी मुलांची भटकंती असते. पेशंट घरी जायच्या आधी मुलंच निघून गेलेली असतात. मिनेसोटात १९७१ पासून काही विद्यार्थी गावातल्या डॉक्टरांकडे सलग बरेच महिने राहून शिकू लागले. २००४ मध्ये हार्वर्डने अमेरिकेतल्याच केंब्रिजच्या रुग्णालयांत असंच वर्ष आखलं: विद्यार्थ्याला काही पेशंट नेमून द्यायचे आणि ते जिथे जातील तिथे त्याने जायचं. बाहेरच्या तपासणीला, ऑपरेशनला, नंतर पुन्हा तपासणीला, वेळ आली तर शेवटालाही. अशा मुलांमध्ये पेशंटबद्दलची ओढ टिकून राहते असं त्यांना दिसलं. यात दिखाऊ यंत्र काही नाही, त्यामुळे उद्घाटनाला फीत कापायचीही सोय नाही. वेळापत्रक लावणाऱ्यांच्या मात्र नाकी नऊ येतात म्हणे.

परवा मला नवीन केस आली. पेशंट रुग्णालयात दाखल आहे, विद्यार्थी तपासायला येतो, आणि ती नकार देते. विद्यार्थ्याचं काम एवढंच, की तिचा नकार ऐकायचा, तिच्या उपचारात याने काही फरक पडणार नाही असं स्पष्ट सांगायचं आणि जायचं. हे स्टेशन माझ्या पाहण्यात पहिलंच. केस लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमशी वाचनाला बसले, तर कागदावर नकाराचं कारण लिहिलेलं: पूर्वीचा वाईट अनुभव, आईचा मृत्यू, वगैरे. मी म्हटलं, कारण काढून टाका. त्या म्हणाल्या, मुलं कारण विचारणारच, शिकवलंय तसं. म्हटलं, विचारू देत, मी सांगणार नाही. मग ती अडून बसलेली वाटेल, मॅडम म्हणाल्या, मुलं गोंधळतील. गोंधळू देत की. यावर आमची बरीच वादावादी झाली, त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण कळलं तर मदत करता येते हे खरंच. शेवटी ठरलं ते असं: कारण कागदावर राहील, पण फक्त माझ्या; परीक्षकाच्या कागदावर नाही. आणि चेकलिस्टमधली 'मन वळवण्याचा योग्य प्रयत्न केला' ही ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली. तिच्या जागी काय लिहायचं यावर आम्ही अजून भांडतोय.